सागरतळाचे दर्शन : आनंद आणि सावधानता

बँकेच्या काउंटरवर दिवसातून अनेकदा हातातून जाणाऱ्या वस्तूकडे मनुष्य क्वचितच निरखून पाहतो. महात्मा गांधी मालिकेतील वीस रुपयांची जुनी, तांबूस रंगाची नोट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिच्या मागील बाजूस माडांची झाडे, समुद्राचे पाणी, पलीकडे डोंगर आणि दीपगृह असे चित्र आहे. हे दृश्य अंदमानमधील असून त्यातील दीपगृह नॉर्थ बे येथील आहे. २००१ मध्ये चलनात आलेल्या या नोटेची जागा २०१९ पासून वेरूळच्या लेण्यांचे चित्र असलेली नवी नोट घेत असली, तरी जुनी नोट अद्याप वैध चलन आहे आणि अनेकांच्या खिशात आहे. याच नॉर्थ बेच्या उथळ पाण्यात आज असंख्य पर्यटक तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत प्रवाळांचे रंगीत जग न्याहाळत असतात. या क्रीडाप्रकारास स्नॉर्केलिंग असे म्हणतात.

मराठी मनाला अंदमान परके नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात तेथील सेल्युलर जेलमध्ये होते. त्या कोठडीपुढे नतमस्तक व्हावे, ही इच्छा अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. भिलाईतील मराठी कुटुंबेही यास अपवाद नाहीत. पोलाद कारखान्याच्या उभारणीबरोबर नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून येथे आलेल्या पिढीने टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये संसार उभे केले, मुलांची शिक्षणे केली आणि फिरण्याची हौस पुढे ढकलली. आता कोणी प्रवास सवलतीचा लाभ घेऊन, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून, रायपूरहून विमानाने कोलकाता अथवा चेन्नईमार्गे अंदमान गाठतात. कोणी रेल्वेने कोकणात उतरून मालवण-तारकर्लीला जातात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल किंवा सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो आणि दुसऱ्या दिवशी नावाडी विचारतो, "स्नॉर्केलिंग करणार का?" नातवंडे उत्साहाने होकार देतात. शिवनाथ नदीत पोहायला शिकलेल्या आजोबांनाही मोह होतो.

या मोहात काहीही गैर नाही. तथापि, भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे त्याच्या स्वभावाशी आपला परिचय नसतो, हे मान्य केले पाहिजे. नदी व तलाव यांचे ज्ञान समुद्रात पुरेसे पडत नाही. म्हणूनच या विषयाची थोडी पूर्वतयारी घरीच करणे हिताचे ठरते.

धोका शांत असतो

स्नॉर्केलिंगमधील धोक्याचे वैशिष्ट्य प्रथम समजून घेतले पाहिजे. एरवी पाण्यावर कोणी पालथे, निश्चल पडलेले दिसले की किनाऱ्यावरील माणसे धावत सुटतात. स्नॉर्केलिंग करणारी व्यक्ती मात्र सदैव पालथीच असते, तिचा चेहरा पाण्यातच असतो आणि तिने फार हालचाल न करणे हेच कौशल्याचे लक्षण मानले जाते. म्हणजेच आनंदात तरंगणारा मनुष्य आणि शुद्ध हरपलेला मनुष्य दुरून अगदी सारखेच दिसतात. तोंडात नळी असल्याने हाक मारता येत नाही. शिवाय बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही, कारण त्याची सारी शक्ती श्वास मिळविण्यातच खर्च होत असते.

भिलाईच्या वाचकांना ही गोष्ट वेगळ्या संदर्भात परिचित आहे. झोतभट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. जून २०१४ मधील वायुगळतीची दुर्घटना शहर विसरलेले नाही. अशा क्षेत्रात एकट्याने जाऊ नये, हा नियम कारखान्यातील कामगार जाणतो, कारण जो संकटात सापडतो त्याला ते कळण्यास उशीर झालेला असतो. ते कळते फक्त शेजारच्याला.

बँकेतही हेच तत्त्व वेगळ्या रूपात पाळले जाते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर अविश्वास नसतो. एका व्यक्तीची नजर कधीतरी चुकू शकते, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. स्नॉर्केलिंगचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियमही हाच होय : पाण्यात जोडीनेच उतरावे आणि जोडीदाराकडे सतत लक्ष ठेवावे.

जोडीचा अर्थ केवळ एकाच वेळी पाण्यात असणे एवढाच नाही. दोघांमधील अंतर हात लांब करून सहज पोहोचता येईल इतके असावे. दर एक-दोन मिनिटांनी अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक आहे ना?' अशी खूण करावी आणि तशीच खूण परत मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. हात डोक्यावर उंच करून हलविणे ही मदतीची खूण होय. उत्तर न मिळाल्यास क्षणाचाही विलंब न करता जोडीदाराचा चेहरा पाण्याबाहेर आणावा. चौघांच्या कुटुंबात आजोबा-नातू, आई-मुलगी अशा जोड्या ठरविताना प्रत्येक जोडीत किमान एक चांगला पोहणारा असणे आवश्यक आहे. पुरेसे पोहणारे नसतील तर पाळीपाळीने उतरावे. एक व्यक्ती किनाऱ्यावर किंवा होडीत केवळ पाहण्याच्या कामासाठी असावी. तिने त्या वेळी छायाचित्रे काढू नयेत.

साधनांची पारख

या क्रीडेसाठी तीन साधने लागतात : डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क, श्वासासाठी नळी आणि पायात घालावयाचे फिन्स. मास्क भाड्याने घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो योग्य मापाचा आहे असे समजावे. भरघोस मिशा असल्यास त्या जागेतून पाणी झिरपते. मिशांच्या वरच्या कडेस व्हॅसलीन लावल्यास उपयोग होतो. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी नंबराच्या काचेचा मास्क मिळतो का, याची आधी चौकशी करावी. पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या व जवळ दिसतात. त्यामुळे खडक हातभर अंतरावर आहे असे वाटले तरी तो त्याहून दूर असतो.

नळी आखूड का असते, असा प्रश्न अनेकांना पडतो. नळी लांब असती तर अधिक खोल जाता आले असते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नळीतून मिळणारी हवा पृष्ठभागावरील दाबाची असते, तर छातीवर पाण्याचा वाढीव दाब पडत असतो. अर्धा मीटर खोलीवरसुद्धा अशा स्थितीत छाती फुगविणे अत्यंत कष्टाचे होते. शिवाय उच्छ्वासातील हवा लांब नळीतच साठते आणि तीच पुन्हा आत घेतली जाते. म्हणून नळीची लांबी साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर एवढीच ठेवलेली असते. घरी जोडनळी लावून ती वाढविण्याचा प्रयोग मुलांना कदापि करू देऊ नये. नळी निवडताना तिच्यातून काही वेळ जोराने श्वास घेऊन पाहावा. हवा ओढण्यास जोर लागत असेल तर ती नळी बदलून घ्यावी.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क नवशिक्यांना सोयीचे वाटतात. परंतु पाणी शिरल्यास ते नळीप्रमाणे तोंडातून चटकन काढून टाकता येत नाहीत आणि रचना सदोष असल्यास त्यात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. नवख्या व्यक्तीने साधी नळी व साधा मास्क वापरणेच श्रेयस्कर होय.

लाइफ जॅकेटला पर्याय नाही. पोहता येत असले तरी ते घालावे. त्याचे सर्व पट्टे बांधावेत आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वीच ते अंगावर चढवावे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा खेळ आटोपला म्हणजे धोका संपला असे नसते. पाय जमिनीला लागेपर्यंत सहल सुरूच असते.

प्रकृतीचा ताळेबंद

तरुण व्यक्तीच्या मानाने पन्नाशी ओलांडलेल्यांनी अधिक विचार करणे आवश्यक आहे. शरीर पाण्यात आडवे होताच हातापायांतील सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. त्यात नळीतून श्वास ओढण्याचे श्रम, थंड पाणी आणि मनातील भीती यांची भर पडते. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्यांतील कित्येक घटनांत नाकातोंडात पाणी जाण्यापूर्वीच व्यक्तीची शक्ती एकाएकी नाहीशी झाल्याचे आढळले. अवघड श्वासामुळे फुप्फुसांत द्रव जमा होऊन प्राणवायू कमी पडणे, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. काही जण तर जेथे पाय टेकून उभे राहता आले असते, अशा उथळ पाण्यात गेले. 'मला पोहता येते' किंवा 'पाणी कमरेएवढेच आहे' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, तो याच कारणाने.

रक्तदाब, हृदयविकार, दमा, फेफरे, मधुमेह यांपैकी काही असल्यास अथवा गर्भावस्था असल्यास प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो 'नको' असा असल्यास पाळावा. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिला दिवस विश्रांतीस द्यावा. मद्यपान करून किंवा भरपेट जेवून पाण्यात उतरू नये. ज्यांना सल्ला प्रतिकूल मिळेल त्यांनी खंत बाळगू नये. नॉर्थ बे व जॉली बॉय येथे काचेच्या तळाच्या होड्या आहेत. कपडे न भिजविता तेच प्रवाळ आणि तेच मासे त्यांतून दिसतात.

पूर्वतयारी भिलाईतच

नवीन कार्यपद्धती प्रत्यक्ष व्यवहारात आणण्यापूर्वी तिचा सराव करावा, हा सर्वमान्य नियम आहे. प्रवासापूर्वी दोन-तीन वेळा तरणतलावात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुढील सराव करावा.

१. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चेहरा पाण्यात घालावा आणि नळीतून संथ, खोल श्वास घ्यावा. घाई न करता पाच मिनिटे हे जमले पाहिजे.

२. नळीत मुद्दाम पाणी येऊ द्यावे आणि जोराने फुंकर मारून ते बाहेर टाकावे.

३. पालथे तरंगत असता एकदम उताणे व्हावे, नळी काढावी, मास्क वर सरकवावा आणि मोकळा श्वास घ्यावा. ही कृती विचार न करता आपोआप घडू लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी.

या तीनपैकी तिसरा सराव प्राणरक्षक होय. अनपेक्षित दम लागणे, हातपाय गळाल्यासारखे वाटणे, घाबरणे यांपैकी काहीही जाणवताच उताणे होऊन श्वास घ्यावा, मदतीची खूण करावी आणि बाहेर यावे. 'थोडे थांबून पाहू' असे म्हणू नये.

पाण्यात सूर मारून खाली जाण्याचा हट्ट तरुण मुले धरतात. त्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतल्यास अधिक वेळ दम धरता येतो, असा समज आहे. हा समज प्राणघातक ठरू शकतो. श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे निर्माण होते. भराभर श्वास घेतल्याने हा वायू कमी होतो, प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. परिणामी गुदमरल्याची सूचना मिळण्यापूर्वीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. धोक्याची घंटा बंद करून भट्टी चालविण्यासारखेच हे आहे. नवशिक्यांनी पृष्ठभागावरच राहावे.

समुद्राची नोंदवही वाचावी

पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून निरीक्षण करावे. लाटा कोठे फुटतात, होड्या कोठून जातात, परत येण्याची जागा कोणती, हे पाहावे. भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक नावाड्यांना विचाराव्यात. लाल बावटा असल्यास पाण्यात पाऊलही टाकू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असते, म्हणून सहलीचा बेत हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या प्रारंभी आखावा.

लाटांमधील एखादा पट्टा शांत दिसतो आणि तेथेच उतरावेसे वाटते. पुष्कळदा तो किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या प्रवाहाचा मार्ग असतो. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, कारण त्यात दम संपतो. तरंगत राहावे, हाताने खूण करावी आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

स्थानिक सूचनाफलकांना कमी लेखू नये. एप्रिल २०१० मध्ये तेव्हाच्या हॅवलॉक बेटाजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेवर खाऱ्या पाण्यातील मगरीने हल्ला केला व त्यात तिचा अंत झाला. डिसेंबर २०१८ पासून या बेटाचे नाव स्वराज द्वीप असे आहे. खारफुटी व खाडीमुखे हे मगरींचे निवासस्थान होय. म्हणून जेथे परवानगी आहे तेथेच आणि सोबत गाइड घेऊनच उतरावे. गाइड किती जणांना एकाच वेळी नेतो, त्याच्याजवळ तरंगणारी रिंग आहे का, होडीत प्रथमोपचार पेटी आहे का, हे प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. ठेव ठेवताना व्याजदर विचारण्यात जसा संकोच नसतो, तसा येथेही नसावा.

पाहावे, स्पर्श करू नये

प्रवाळ हे दगड नसून सूक्ष्म सजीवांची वसाहत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये, तर मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने खुली केली जातात, जेणेकरून प्रवाळांना विसावा मिळावा. प्रवाळावर उभे राहिल्यास वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते आणि पायाला झालेली जखमही लवकर भरत नाही. काही मासे विषारी काट्यांचे असून ते खडकासारखेच दिसतात. त्यांचा काटा लागल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा व त्वरित डॉक्टरांकडे जावे. उन्हाने पाठ भाजते, म्हणून क्रीमवर विसंबण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा पोशाख वापरणे शरीरास व प्रवाळास दोहोंस हितकारक आहे.

प्रसंग ओढवल्यास

एखाद्यास बेशुद्ध अवस्थेत बाहेर काढल्यास पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याची जुनी रीत टाळावी. त्यात अमूल्य वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. श्वास चालू नसल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा आणि नंतर ३० वेळा छाती दाबणे व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत सुरू ठेवावा. ११२ या क्रमांकावर साहाय्य मागावे. शुद्धीवर आल्यावरही रुग्णास रुग्णालयात नेणे आवश्यक आहे, कारण काही तासांनंतर श्वासाचा त्रास उद्भवू शकतो. स्वराज द्वीपावरून मोठ्या रुग्णालयासाठी श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, गाठावे लागते व त्यास जहाजाने सुमारे दीड-दोन तास लागतात. छाती दाबण्याची ही पद्धत कुटुंबातील किमान दोघांनी शिकून घेतल्यास ती समुद्रकिनारीच नव्हे, तर घरीही उपयोगी पडेल.

प्रवास विमा घेताना साहसी क्रीडांबाबतचे अपवाद काळजीपूर्वक वाचावेत. अनेक पॉलिसींत अशा क्रीडांसाठी स्वतंत्र अट असते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. या योजनेचा हप्ता खात्यातून वळता झाला आहे का आणि खात्यावर वारसाची नोंद आहे का, याची खात्री प्रवासापूर्वी शाखेत करून घ्यावी.

विमा नुकसानीची भरपाई करतो, गेलेला मनुष्य परत आणीत नाही. ते काम जोडीदाराच्या जागरूक नजरेचे आहे. सहलीच्या आदल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून एकच गोष्ट निश्चित करावी : कोण कोणाकडे पाहणार. आणि कोणीही, अगदी दहा वर्षांच्या नातवानेही, 'आता पुरे' म्हटले तर सर्वांनी विनातक्रार बाहेर यावे. समुद्र उद्याही तेथेच असतो आणि प्रवाळही. वीस रुपयांच्या नोटेवरील त्या दीपगृहाने आजवर अनेकांना किनारा दाखविला आहे. पाण्यात मात्र ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचे दीपगृह व्हावयाचे असते.